बागेला बांधलेली चोच

२ मे, सोमवार

पोचले एकदाची! बोटीत उलट्या करून करून आतडी गळ्याशी आली होती, पण धक्क्यावर योस उभा दिसला आणि सगळं विसरले. अंगात पाळकाचा सदरा, आणि दोन्ही हात वर करून ओरडतोय, उसी! उसी मिन्से! एवढ्या माणसांसमोर. आता गावची सगळी मंडळी याच्या शब्दावर उठते-बसते, पण थोरल्या बहिणीला हाक मारायची ती शाळा सुटलेल्या पोरासारखीच. मी म्हटलं, हळू रे, तुझी उसी अजून बहिरी नाही झाली. धक्क्यावरचे सगळे हसले. या सेराम बेटाची माणसं हसरी आहेत, हे बरं झालं.

चार वर्षांचा होईपर्यंत योस एक शब्द बोलत नव्हता, हे आज कुणाला सांगून पटायचं नाही. आई गेली तेव्हा बायका कुजबुजायच्या, पोरगं मुकं निघालं. मी रोज त्याची हनुवटी धरून समोर बसायची आणि ओठ हलवून दाखवायची. उ. सी. उ. सी. पहिला शब्द तोच आला. मग जो तोंडाचा पट्टा सुरू झाला, तो थेट प्रवचनापर्यंत पोचला. योसचा आवाज म्हणजे माझी कमाई आहे, दुसरी मी काही केली नाही.

घर चर्चच्या मागेच आहे. पुढे ओटा, मागे चूल, आणि चुलीपासून थेट समुद्रापर्यंत चर्चची नारळाची बाग. बागेच्या मधोमध एक जुनं केनारीचं झाड, एवढं उंच की शेंड्याकडे बघताना डोक्यावरची टोपली पडावी. संध्याकाळी मी पापेडा घोटत होते, सागूचा चिक नुकता धरत आला होता, तेवढ्यात त्या झाडावर असा काही कल्लोळ उठला की पळी हातातून सुटली. मला वाटलं, कुणाला तरी मगरीने धरलं. योस पोट धरून हसला. म्हणाला, काकाकुवे आहेत उसी, रोज सकाळ-संध्याकाळ हीच उपासना असते त्यांची.

ही वही त्यानेच दिली. म्हणे, आपल्या सापारुआ बेटावर भांडायला शेजारणी होत्या, इथे ओळखी होईपर्यंत हिच्याशी भांड.

५ मे, गुरुवार

बागेची राखण माझ्याकडे आली. पाळकाच्या घरातल्या बाईनेच ती करायची, असा इथला रिवाज. पुढच्या महिन्यात चर्चला नवी घंटा चढवायची आहे, त्या दिवशी अख्खं गाव जेवणार, आणि जेवणातला नारळ याच बागेचा. मंडळीचे वडीलधारे मला बजावून गेले की डोळ्यांत तेल घालून बघा. मी म्हटलं, तेल तुमच्याच नारळाचं काढीन.

काकाकुव्यांचं एक जोडपं केनारीच्या ढोलीत राहतं. चुलीपाशी बसून मी त्यांनाच बघत असते, दुसरं करमणुकीला आहे काय? लांबून नुसती पांढरी दिसतात, उन्हात आली की अंगावर गुलाबी झाक मारते. तुरा मिटलेला असतो तेव्हा त्यात काही विशेष नाही. पण पाखरू चिडलं, किंवा जोडीदार परतला, की तुरा ताडकन उभा राहतो आणि आतून शेंदरी निघतो. मादीचे डोळे तांबूस, नराचे काळेभोर. आत अंडं असावं, कारण एक बसतं तेव्हा दुसरं बाहेर जातं. पंख झटकले की पिठासारखी पांढरी पूड उडते. माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज तिचा थर.

शेजारी बेनो राहतो. त्याचा धंदाच काकाकुवे पकडण्याचा. पाळलेलं पाखरू झाडावर बांधायचं, त्याच्या हाकेला रानातली आली की फासात. दोर टाकून कुठल्याही झाडावर माकडासारखा चढतो. मला म्हणाला, उसी, हे पाखरू जगात फक्त आमच्या सेरामच्या भागातलं, दुसरीकडे कुठे दिसलं तर समजा आमच्याकडून नेलंय. मी म्हटलं, आणि नेलं कुणी? तर दात काढून हसला. त्याची म्हातारी आजी, ओमा डोर्चे, तापाने अंथरुणाला खिळली आहे, पण तोंड शाबूत. मला बघताच म्हणाली, पाळकाची बहीण एवढी जाड, मग मंडळीच्या वाट्याला काय उरणार? मला म्हातारी आवडली.

१० मे, मंगळवार

कोवळे नारळ जाताहेत!

काही पाखरांचेच प्रताप आहेत, ते मला दिसतात. डाव्या पायात नारळ धरतात, चोचीने सोलून बरोब्बर भोक पाडतात, आतली मलई त्या काळ्या जिभेने ओरपतात आणि उरलेलं खाली टाकून देतात. पण काही घोसातले नारळ देठापासून गायब आहेत, आणि खाली करवंटीसुद्धा नाही. पाखरू करवंटी घरी नेत नाही. हा दोन पायांचा चोर आहे.

आज विहिरीवर एकीने मला ऐकवलं की सापारुआची राखण बघितली बाई, नारळ आपले चालत चालत जाताहेत. माझं डोकं असं तापलं की घागर तिथेच ठेवून आले.

योसला सांगितलं, तर तो दुसऱ्याच तंद्रीत. हल्ली पहाटे बागेत जाऊन मोठमोठ्याने प्रवचन घोकतो. म्हणाला, जाऊ दे ना उसी, कुणाची तरी तहान भागली. पाळकाला हे बोलायला शोभतं. विहिरीवर मला उभं राहायचं असतं.

१६ मे, सोमवार

काल उपासनेनंतर सगळे चर्चच्या पायऱ्यांवर असताना मी बेनोला अडवलं. म्हटलं, दोर टाकून चढणारा या गावात तू एकच, तर सांग नारळ कुठे जातात. तो आधी हसला, त्याला वाटलं थट्टा आहे. मी थांबले नाही. चोर म्हटलं. दोनदा म्हटलं. त्याची बायको माझ्याकडे बघत राहिली.

त्याचं हसू विरलं. एवढंच म्हणाला की उसी, मी पाखरं विकतो, पण देवाच्या बागेतलं पान उचलत नाही. आणि टोपी घालून निघून गेला.

योस रात्री माझ्याशी धड जेवला नाही. माझंच चुकलं असेल कदाचित. पण मग नारळ गेले कुठे?

१८ मे, बुधवार

आज सकाळी मी बागेला माताकाऊ बांधला, चोर धरणारा आमच्याकडचा मंतरलेला तोडगा.

लिहून टाकते, म्हणजे छातीवरचं ओझं उतरेल. योसला कळलं तर तो मला उभी जाळील. याच महिन्यात त्याने प्रवचनात ठणकावून सांगितलंय की माताकाऊ सैतानाचा खेळ, प्रभूच्या लोकांनी त्याला हात लावू नये. बरोबर आहे त्याचं. पण आमच्या आजोबांनी लवंगेच्या झाडाला उंदराचा दात बांधला होता आणि चोराचं पोट आतून कुरतडलं गेलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. जे बांधाल तसं चोराला होतं.

मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. देवाशपथ. बेनोच्या घराखाली एका मेलेल्या काकाकुव्याची वाळलेली चोच पडली होती, ती उचलली. लाल चिंधीत गुंडाळली, नारळाच्या कोवळ्या झावळीने केनारीच्या बुंध्याला बांधली आणि आजोबांचे शब्द म्हटले. जो खाईल त्याने या पाखरासारखं ओरडावं. बस, एवढंच. म्हणजे चोराला भर गावात कंठ फुटेल आणि मला विहिरीवर मान वर करता येईल. मग सगळ्यांसमोर सोडून टाकीन. सोडायचंही अवघड नाही. झाडाखाली लोक जमवायचे, खाणाऱ्यांपैकी एकाने तोंडाने म्हणायचं, मी खाल्लं. बांधणाऱ्याने म्हणायचं, मी सोडलं. ज्याचं त्यानेच म्हणायचं, दुसऱ्याच्या तोंडून चालत नाही.

झुडपांमागे बांधलंय. कुणाला दिसणार नाही.

२४ मे, मंगळवार

वा! काकाकुवे गप्प झाले!

पहिल्यांदा वाटलं, मलाच सवय झाली. पण नाही, आज संध्याकाळी झाडावर सगळे जमले होते आणि चिटपाखरू बोलेना. मला तर हसूच फुटलं. चोर ते चोरच, मग पिसं असोत नाहीतर लुंगी. किती दिवसांनी मी निवांत भात खाल्ला. ओरडायला लावायचं म्हटलं तर गप्प बसले, असं उलटं का झालं, ते मला कळलं नाही, पण माझी तक्रार नाही.

बेनो मात्र अंगणात उभा राहून कधीचा वर बघत होता. चर्चच्या पायऱ्यांवरच्या त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा माझ्याशी बोलला, तेही झाडाकडे बघत. म्हणाला की एवढ्या दाट रानात नर-मादी एकमेकांना आवाजावरच शोधतात. जे पाखरू हाकेला ओ देत नाही, ते मेलं असं जोडीदार धरून चालतो.

मी बघितलं. नर झाडाभोवती घिरट्या घालत होता. चोच उघडायचा, तुरा उभारायचा, मान ताणायचा. आवाज नाही. मादी ढोलीतून मान काढून भलतीकडेच बघत होती. मग तो डोंगराकडे निघून गेला.

मी उठून चुलीतला जाळ सारखा केला.

२९ मे, रविवार

योसचा घसा बसलाय. प्रवचन अर्ध्यावर सोडावं लागलं. मी आलं उगाळून दिलं. हवा बदललीय, दुसरं काय.

ढोलीत आता कुणी नाही. मादीही गेली. अंडं आत तसंच असणार, गार पडलेलं.

उद्या चोच सोडून टाकावी का? पण चोर तर अजून सापडला नाही.

२ जून, गुरुवार

देवा, मी काय करून बसले.

संध्याकाळी बेनोच्या घरातून किंकाळी आली. बायका धावल्या, मीही धावले. ओमा डोर्चे अंथरुणावर ताठ बसली होती. मान ताणलेली, डोळे बाहेर, आणि तोंडातून तोच आवाज. तोच, केनारीच्या झाडावरचा. सूर्य बुडाला तशी थांबली. मग आपल्या नेहमीच्या आवाजात, पण घोगऱ्या, मला म्हणाली, काय गं जाडे, अशी बघतेस काय, पाखरू गिळलं वाटतं मी.

सगळे हसले. मी नाही हसले.

घरी आल्यावर योसला विचारलं की ओमाने बागेतलं काही खाल्लं का. तो लाजला. लहानपणी साखर चोरून खाल्ल्यावर लाजायचा तसाच. म्हणाला की रोज पहाटे तो काठीने एक-दोन कोवळे नारळ पाडतो. नारळपाण्याने घसा मोकळा होतो, प्रवचन चांगलं म्हणता येतं. एक स्वतः पितो आणि दुसरा ओमाला नेऊन देतो, तापात तिला दुसरं काही उतरत नाही. करवंट्या तिच्याच चुलीत जातात. तू बेनोला चोर म्हणालीस तेव्हा मी तिथेच बोलायला हवं होतं, म्हणाला. पण तुझी मान खाली जाईल म्हणून गप्प बसलो.

माझी मान.

त्याचा आवाज बोलता बोलता फाटत होता.

३ जून, शुक्रवार

पहाटेच जाऊन चोच सोडली. गाठ सुटता सुटेना, दाताने तोडली. एकटीच होते. पुटपुटले, मी सोडलं, मी सोडलं, मी सोडलं. चोच समुद्रात फेकली.

माहीत आहे मला की असं चालत नाही. चारचौघांसमोर, दोघांच्या तोंडून. पण मी गावासमोर उभं राहून काय सांगू? पाळकाच्या सख्ख्या बहिणीने, पाळकाच्या घरात राहून, चर्चच्या बागेला माताकाऊ बांधला? योसला उद्याच्या उद्या बोटीत बसवतील. आणि बेनोसमोर? ज्याला मी चोर म्हटलं?

घंटेचा सण नऊ दिवसांवर आलाय. योस त्याच्यासाठी वर्षभर राबलाय. सण होऊन जाऊ दे. मग सांगते. नक्की सांगते. तोवर कदाचित आपोआप उतरेल.

७ जून, मंगळवार

नाही उतरत.

सूर्य उगवताना आणि बुडताना. योस तोंडात उशी कोंबतो. त्याला वाटतं, घशाचा काही रोग आहे. मला खुणेने विचारतो, फार मोठा आला का गं आवाज? मी मान हलवते. नाही, फारसा नाही.

त्याच्या उशीवर पांढरी पूड. मी झटकते, सकाळी परत. दाराची चौकट एका जागी कुरतडलेली आहे. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. चमचा आता डाव्या हातात धरतो.

दिवसा थोडं बोलतो अजून. आज म्हणाला, उसी, मला तुझ्याशी मनातलं बोलायचं आहे, पण शब्द आधी पळून जातात. मी म्हटलं, आराम कर. मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. समोर बसला होता. त्याला वाचा होती, मला वाचा होती. त्याने ‘मी खाल्लं’ म्हटलं असतं, मी ‘मी सोडलं’ म्हटलं असतं. ओट्यावर चार माणसं होती.

मी पापेडा घोटायला उठले.

११ जून, शनिवार

सगळ्या बायका मिळून दिवसभर नारळ खोवला. चर्चचेच नारळ, मंडळीनेच काढलेले, वडीलधाऱ्यांनी मोजून दिलेले. ही चोरी नाही. मी मनाला दहादा बजावलं, ही चोरी नाही, याचं काही होणार नाही. रस काढला, सागूच्या वड्या वळल्या, माशाचं कालवण रटरटत ठेवलं. मीठ बघायला मीच चाखलं. सगळ्यात आधी मीच.

ओमा आता बोलत नाही. अजिबात. मला बघून डोळे मिचकावते फक्त.

१२ जून, रविवार

घंटा चढली. किती गोड वाजते.

योस पायऱ्यांवर नुसता उभा होता, ओठ घट्ट मिटून. प्रार्थना दुसऱ्याने केली. लोकांना वाटलं, भरून आलंय. मग पंगत. पोरं, म्हातारे, बाळंतिणी, सगळ्यांनी खाल्लं. मी वाढत होते. विहिरीवरच्या बायका म्हणाल्या, मिन्से, तुझ्या हाताला चव आहे. मला बोलून टाकायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण सगळे इतके खूश होते.

बेनो जेवला नाही. मी ताट घेऊन गेले तर म्हणाला, उसी, चोराला चर्चचा नारळ कशाला वाढता? ताट परत घेऊन आले.

१४ जून, मंगळवार

आज सूर्य उगवला आणि अख्खं गाव ओरडलं.

एका घरातून नाही. सगळ्या. एकानंतर एक, घराघरातून उत्तर दिल्यासारखं. विहिरीवरच्या बायका. वडीलधारे. तान्ही मुलंसुद्धा — तान्ही —

वर केनारीवर पांढरी पाखरं येऊन बसलीत. गप्प. खाली बघताहेत.

मी बेनोकडे गेले. बोलणारा तोच उरलाय. सगळं सांगितलं. माझाही घसा चरचरतोय, मधे मधे शब्द सुटत होता. तो म्हातारीचे पाय चेपत बसला होता. थांबला नाही. मला वाटलं, मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी त्याने एकच विचारलं. बाग कुणाची? मी म्हटलं, चर्चची. चर्च कुणाचं? देवाचं. मग तुम्ही कोण बांधणाऱ्या, म्हणाला. माताकाऊ मालकाने बांधायचा असतो, स्वतःच्या झाडाला. आपल्या झाडाला बांधला की चोर तेवढा धरतो. दुसऱ्याच्या झाडाला बांधलात, तर त्याला मालक कोण नि चोर कोण ते कुठून कळणार? खाईल तो चोर, आणि चोराचा स्वतःचा आवाज जातो, पाखरांचं ओरडणं गेलं, माणसांचे शब्द. योस चोर, ही म्हातारी चोर, पाखरं चोर. तुम्हीही.

आजोबांनी मला हे सांगितलं असेल. लवंग आजोबांची होती, म्हणून कधी लक्षात आलं नाही. सापारुआत कधी दुसऱ्याची बाग राखलीच नाही मी.

मी म्हटलं, मी सोडते, सगळ्यांसमोर सोडते. पण मी खाल्लं असं म्हणणारं तोंड तर एकही — ज्यांनी खाल्लं त्यांना वाचा नाही. ज्याला वाचा आहे त्याने खाल्लं नाही.

बेनोने म्हातारीच्या पायांवर पांघरूण ओढलं. मग म्हणाला, उद्या सकाळी लोकांना झाडाखाली आणा.

संध्याकाळ

सूर्य बुडताना माझ्याही तोंडून आला. पहिल्यांदा. दुखत नाही. तेच वाईट. बरं वाटतं. कुणीतरी उत्तर देईल अशी आस लागते.

योसने दिलं.

मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघेना.

नंतर त्याला सांगितलं. आता सांगितलं. निम्मे शब्द तोंडाने, निम्मे या वहीतले दाखवून. त्याने १८ मेचं पान वाचलं. ७ जूनचं वाचलं. चिडला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला. शिव्या द्यायच्या होत्या रे. शिव्या द्यायला तरी तुला आवाज ठेवायला हवा होता मी.

दोन शब्द जपून ठेवायचे. उद्यापर्यंत तोंड उघडायचं नाही. मनातल्या मनात म्हणत राहते. मी सोडलं. मी सोडलं.

१५ जून, झाडाखाली

वही बरोबर आणली. बोलता येत नाही तर हात तरी —

पहाटे आवाज आला. सगळ्यांबरोबर. दाबला, खूप दाबला. तरी आला.

सगळे आलेत. ओमाला खाटेवर आणलंय. कुणी रागावत नाही. कळलंच नाही त्यांना की मी —

बेनो शेजारच्या माडावर चढला. नारळ पाडला. कुणाला विचारलं नाही. फोडला, उभ्या उभ्या खाल्ला. सगळा. माझ्याकडे बघत. आजवर तुम्ही-तुम्ही करायचा. आज म्हणाला, तू मला चोर म्हणालीस ना उसी? घे. झालो.

मग लोकांकडे वळून, मोठ्याने, स्वच्छ — मी खाल्लं.

किती सुंदर आवाज आहे त्याचा. आता जाणार. माझ्यामुळे.

माझी पाळी.

तोंड उघडलं. जे आलं ते — लेकरं पळाली.

परत. तेच. वरची पाखरं नुसती बघताहेत.

शब्द आहेत, आत आहेत, दिसताहेत. जीभ जाड झालीय. काळी —

योस समोर येऊन बसला. माझी हनुवटी धरली. मी धरायचे तशी. ओठ हलवून दाखवतोय. आवाज नाही, नुसते ओठ. मी. सो. मी. सो. त्याला येत नाही आणि मला शिकवतोय.

येईल. त्याला आलं होतं. मला येईल. बेनो म्हणतो लवकर, त्याचा घसा —

लिहिलेलं चालत नाही. तरी लिहून बघते, हाताला आलं तर तोंडाला —

मी

मी सो